निवेदन आणि अहवाल

संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत केलेले निवेदन संयत संसदीय गद्याचा नमुना म्हणून गौरविण्यासारखे आहे. नेफातील १९६२ च्या पराभवाची मीमांसा करणाऱ्या हेंडरसन ब्रुक्स-भगत चौकशीचे लष्करी शिक्षण, साधनसामग्री, हुकमतीची व्यवस्था, जवानांची शारीरिक क्षमता व अधिकाऱ्यांचा प्रभाव हे पाचही विषय त्यात येतात. डोंगरी युद्धाच्या शिक्षणातील उणीवही मान्य केली जाते. परंतु मूळ अहवाल लोकहितास्तव सभागृहापुढे ठेवण्यात आला नाही. सदस्यांच्या हाती निष्कर्ष आले. त्यांमागील पुरावा आला नाही. ज्या खात्याची छाननी करावयाची, त्याच्याच सारांशावर सभागृहाला विसंबावे लागले. निवेदनाचा प्रांजळपणा मान्य करूनही त्याची ही मर्यादा नजरेआड करता येत नाही.