आधार, दाखला आणि ‘म्हणून’

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०१० मध्ये ‘कॉमन कोअर’ या नावाने भाषाशिक्षणाची जी मानके प्रसिद्ध झाली, त्यांतील सहावी ते आठवी या इयत्तांसाठी असलेले वाचनविषयक पहिले कलम भाषाभ्यासकांनी बारकाईने पाहावे असे आहे. सहावीच्या विद्यार्थ्याने संहितेतील आधार देऊन विवेचन करावे, सातवीच्याने असे अनेक आधार द्यावेत आणि आठवीच्याने सर्वांत बळकट आधार कोणता ते ओळखावे, अशी ही चढण आहे. बहुतेक राज्यांनी ही मानके स्वीकारली. पुढे काहींनी ती सोडली किंवा त्यांचे नाव पालटले. तथापि हा क्रम शिक्षकांच्या अंगवळणी पडला आहे.

हा क्रमच शंकास्पद होय. त्यात संख्या आधी येते आणि तारतम्य मागाहून. वर्षभर ‘अनेक’ आधार वेचणाऱ्या मुलाच्या मनात तीन उतारे एकापेक्षा वजनदार, हा समज रुजल्यावाचून राहत नाही. वास्तविक पहिला आधार निवडतानाच त्याने दहा वाक्ये बाजूस सारलेली असतात; म्हणजे आठवीसाठी राखून ठेवलेला विवेक सहावीतच, न शिकविता, त्याच्याकडून अपेक्षिलेला असतो.

‘श्यामची आई’ या पुस्तकाचे उदाहरण घ्यावे. स्नान केल्यावर ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून श्याम हटून बसतो; आई त्याच्या पायांखाली आपले वस्त्र पसरते, आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप, अशा अर्थाचे मागून सांगते. ‘आई प्रेमळ होती’ या विधानास हा प्रसंग आधार म्हणून देणारे मूल चुकत नाही. परंतु ‘आई मुलाचे फाजील लाड करी’ असे विधान करणाऱ्यासही हाच प्रसंग पुढे करता येईल. दोघांचा उतारा एकच, अवतरणचिन्हे तीच. फरक पडतो तो त्या प्रसंगापासून विधानापर्यंत मूल कोणत्या वाटेने गेले यात. उपदेश हट्ट पुरविल्यानंतर येतो, ही गोष्ट ज्याने हिशेबात घेतली त्याचेच म्हणणे टिकेल. स्टीफन टूल्मिन यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात आधार आणि विधान यांच्यामधील या दुव्याला स्वतंत्र स्थान दिले. न्यायदर्शनाच्या पंचावयवी वाक्यात प्रतिज्ञा व हेतू यांवर न थांबता उदाहरण आणि उपनय सांगावे लागतात, तेही याचसाठी. धूर दिसला एवढे पुरत नाही. धूर तेथे अग्नी, हे स्वयंपाकघराच्या दाखल्याने पटवावे लागते. शाळेतील ‘विधान, आधार, स्पष्टीकरण’ या तीन ओळींच्या साच्यात तिसरी ओळ बहुधा पहिलीचीच पुनरुक्ती असते, आणि तरीही तिला गुण मिळतात.

आपल्याकडील परंपरेस या बाबतीत फार मिरविण्याजोगे काही नाही. ‘कोण कोणास म्हणाले’ हा प्रश्न स्मरणाची परीक्षा घेतो, प्रमाणाची नव्हे. निबंधात पेरलेली सुभाषिते तर पाहुण्यांपुढे मांडलेल्या चांदीच्या भांड्यांसारखी असतात. त्यांत कोणी जेवत नाही.

मराठीत लिहिणाऱ्या मुलापुढे आणखी एक अडचण आहे, आणि इंग्रजी साचा जसाच्या तसा उचलणाऱ्यांच्या ती ध्यानात येत नाही. ‘म्हणून’ हे अव्यय मराठीत दोन कामे करते. ‘पाऊस पडला म्हणून शाळा सुटली’ येथे ते कारण दाखविते. ‘उद्या येतो म्हणून त्याने सांगितले’ येथे दुसऱ्याचे बोलणे उद्धृत करते. कथन आणि कारण एकाच शब्दात नांदत असल्यामुळे ‘आई असे बोलली म्हणून ती प्रेमळ’ असे लिहिणाऱ्या मुलास आपण अवतरणावरून अनुमानाकडे उडी घेतली याची जाणीवच होत नाही. हा भाषेचा दोष नव्हे. शिकविणाऱ्याने येथे थांबावयास हवे एवढेच. उलट ‘म्हणे’ हे निपात या कामी मोठे साहाय्यक आहे. ‘राजा रागावला’ आणि ‘राजा म्हणे रागावला’ यांतील अंतर पाच वर्षांच्या मुलालाही कळते: दुसऱ्या वाक्याची जबाबदारी बोलणारा स्वतःवर घेत नाही. ज्ञानाचा उगम दर्शविण्याची ही सोय मूल घरून घेऊन येते, आणि निबंधाची भाषा शिकविताना शाळा ती बोलीतली म्हणून खोडून टाकते.

वरील पुस्तकात तर हे उगम एकात एक गुंफलेले आहेत. आई बोलते, तिचे बोलणे मोठा झालेला श्याम रात्री आश्रमातील मित्रांना सांगतो, आणि हे सारे साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ‘साने गुरुजी म्हणतात की मनाला जपावे’ असे वाक्य उत्तरपत्रिकेत आले, तर ते म्हणणे नेमके कोणाचे, कोणी कोणास आणि केव्हा सांगितलेले, असा प्रश्न समासात लिहिणारा परीक्षक विरळाच. बहुधा तेथे बरोबरची खूण असते.