‘रोहना’ जहाजाच्या खलाशांवरील आक्षेप : एक परीक्षण

बखर आणि समकालीन कागद यांचें मोल सारखें नाहीं, हें कै. राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेच्या १८९८ सालच्या पहिल्या खंडापासून आपणांस शिकविलें. परंतु हा दंडक आपण मोडी दप्तरांपुरताच राखून ठेवितों. अर्वाचीन युद्धाच्या हकीकतीस तो लावून पाहिल्यास काय निष्पन्न होतें, हें ‘रोहना’ जहाजाच्या उदाहरणानें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम निर्विवाद गोष्टी सांगतों. ‘रोहना’ हें ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचें ८,६०२ टनांचें उतारू जहाज १९२६ सालीं इंग्लंडांत टाइन नदीकांठीं बांधलें गेलें. युद्ध सुरू झाल्यावर १९४० सालीं तें सैन्याच्या वाहतुकीस घेण्यांत आलें. ता. २६ नोव्हेंबर १९४३ रोजीं अमेरिकन सैनिकांस सुएझमार्गें हिंदुस्थानाकडे घेऊन येत असतां, अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ जर्मन विमानानें सोडलेल्या बाँबनें तें फुटलें. हा बाँब बिनतारी संदेशानें दिशा देतां येण्याजोगा होता. समुद्र खवळलेला होता, आणि लौकरच अंधार पडला. जहाजावरील सुमारें १,९८० सैनिकांपैकीं १,०१५ प्राणांस मुकले. ‘पायोनियर’ या अमेरिकन जहाजानें सहाशेंहून अधिक माणसें वांचविलीं.

नव्या शस्त्राचा बोभाटा होऊं नये म्हणून ही हकीकत दाबून ठेवण्यांत आली. कार्लटन जॅक्सन यांचा या विषयावरील ग्रंथ १९९७ सालीं निघाला. अमेरिकन काँग्रेसनें मृतांच्या स्मरणाचा ठराव केला तो २००० सालीं. म्हणजे वांचलेल्या सैनिकांच्या पुष्कळ आठवणी अर्धशतक लोटल्यावर लिहिल्या गेल्या. हिंदी खलाशी कामें टाकून आधींच होड्यांत जाऊन बसले, आणि गंजलेल्या होड्या खालीं सुटेनात, असे दोन आक्षेप या आठवणींत वारंवार येतात.

या सैनिकांच्या सद्धेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु आप्तवाक्य प्रमाण ठरण्यास वक्त्यास त्या विषयाचें ज्ञान असावें लागतें. होडी पाण्यांत उतरविणें व वल्हविणें हें खलाशाचेंच काम असतें. त्यामुळें होडींत खलाशी दिसला, एवढ्यावरून तो पळाला असें अनुमान केल्यास तें व्यभिचारी ठरतें. हेतु तोच असूनही साध्य निराळें असूं शकतें. त्यांतून खलाशांची भाषा सैनिकांस परकी. त्यांची हांक कोणती आणि आक्रोश कोणता, हें अंधारांत कोणीं ठरवावें?

आतां आंकडे पाहूं. जहाजावरील सुमारें १९५ नोकरमाणसांपैकीं सुमारें १२० मेलीं. म्हणजे सैनिकांत शेंकडा ५१ आणि नोकरमाणसांत शेंकडा ६० हून अधिक मृत्यु पडले. बाँब यंत्रखोलीच्या बाजूस लागल्यामुळें पाळीवरचीं माणसें जागच्या जागीं गेलीं असतील, हा पूर्वपक्ष आम्हांस मान्य आहे. म्हणून या आंकड्यांवरून सर्वांचें शौर्य सिद्ध होतें असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र सैनिकांच्या जिवावर खलाशी वांचले, हें विधान त्यांपुढें टिकत नाहीं. गंजाचा आक्षेप खरा धरला तरी त्याचा जाब डेकवरील खलाशास विचारणें न्याय्य नव्हे.

या प्रकरणांतील खरी उणीव निराळीच आहे. आरोप करणाऱ्यांचे शब्द छापले गेले; ज्यांवर आरोप आला त्यांचे शब्द त्या पानांत जवळजवळ नाहींत. एका पक्षाच्या कैफियतीवर निवाडा देणारा पंच आपण मान्य करीत नाहीं. मग इतिहासकारास ती सवलत कां द्यावी? कोंकण, गोवा, सूरत, चितागाँग येथील माणसें पिढ्यान् पिढ्या ब्रिटिश जहाजांवर नोकरीस होतीं. त्यांच्या घरीं नोकरीचीं पुस्तकें, पगाराच्या पावत्या, बंदरांतून धाडलेलीं पत्रें पडून असतात आणि रद्दीबरोबर जातात. संग्राहकांस इतकेंच सांगणें आहे कीं, सनदेस जी जागा आपण देतों ती या चिटोऱ्यांसही द्यावी. तोंपर्यंत ‘रोहना’च्या खलाशांवरील आक्षेप ‘असिद्ध’ या सदरांतच राहिला पाहिजे.