‘एकच प्याला’ आणि व्यसनाची कल्पना

राम गणेश गडकरी यांचें ‘एकच प्याला’ २० फेब्रुवारी १९१९ रोजीं बडोद्यास गंधर्व नाटक मंडळीनें प्रथम रंगभूमीवर आणलें. नाटककार त्याच्या महिनाभर आधींच सावनेर येथें निवर्तले होते. तेव्हांपासून ह्या नाटकाची परीक्षा बहुधा त्यांतील करुणरस, भाषा व सिंधूची भूमिका ह्यांवरूनच होत आली आहे. दारूविषयीं तें नेमकें काय म्हणतें, हा प्रश्न जणूं नांवानेंच सुटला असें धरून चालतात. आम्हांस तो सुटलेला वाटत नाहीं.

‘व्यसन’ ह्या शब्दाचा एक जुना अर्थ संकट असा आहे. कौटिल्यानें अर्थशास्त्राचें आठवें अधिकरण व्यसनांसच दिलें आहे. मनुस्मृतींत राजानें टाळावयाचीं अठरा व्यसनें गणलीं असून त्यांत मद्यपानाच्या पंक्तीला मृगया, दिवसा निजणें व गाणेंबजावणें हींहि बसलीं आहेत. म्हणजे तेथें दोष पदार्थाचा नव्हे, ज्याच्यावर इतरांचा भार आहे अशा पुरुषाच्या सुटलेल्या संयमाचा आहे. युरोपांत विचार दुसऱ्या वाटेनें गेला. स्वीडनचे वैद्य माग्नुस हुस यांनीं १८४९ सालीं अतिमद्यपानाच्या परिणामांस रोगाचें नांव दिलें.

गडकऱ्यांचें मत ह्या दोहोंहून निराळें. सुधाकर रामलालला दारुड्याच्या अवस्था समजावून सांगतो आणि दारू सोडण्याचा खरा काळ पहिल्या प्याल्यापूर्वींचाच, असा निकाल देतो. हा विचार वैद्यकाचा नव्हे. तो आमच्या घरांतील सोंवळ्याओंवळ्याचा आहे. सोंवळें एका स्पर्शानें मोडतें, अर्धें मोडत नाहीं. (विटाळास निदान स्नान तरी असतें, ह्या प्याल्यास तेंहि नाहीं!) ज्या पांढरपेशा घरांत दारूचें नांवहि उघड निघत नसे, तेथें हा सिद्धान्त अंगावर शहारा आणी. पण उत्तर कोंकणांतील वारल्यांसारख्या ज्या समाजांत ताडी लग्नकार्यांतहि चालते, तेथें ‘पहिला प्याला’ ह्या शब्दांत कोणतें भय असणार? तेथेंहि दारूनें घरें बुडतात. मात्र बुडण्याची गोष्ट त्यांना निराळ्या रीतीनें सांगावी लागेल.

तळीरामाकडे पाहा. तोहि दारूनेंच मरतो. पण तो कारकून, म्हणून त्याच्या आर्यमदिरामंडळाला प्रेक्षक हंसतात आणि वकील सुधाकरासाठीं रडतात. त्याच्या आजारांत वैद्य व डॉक्टर येतात, ते केवळ प्रहसनापुरते. व्यसन हा रोग असूं शकेल ही शंका सबंध नाटकांत डोकावते ती अशी विदूषकाच्या वेषानें.

सिंधूविषयीं तर आम्हांस अधिकच तक्रार आहे. पतीच्या हातून मूल मरतें, ती स्वतः घायाळ होते, आणि पोलिसांपुढें ती त्याला खोटें बोलून वांचविते. बालगंधर्वांच्या ठिगळाच्या लुगड्यापुढें सारें नाटकगृह विरघळलें हें खरें. पण त्या अश्रूंनीं पातिव्रत्याचा गौरव झाला, आणि त्याच पातिव्रत्याच्या आडोशास सुधाकराचें पिणें निर्वेध चालत राहिलें, हें पाहावयाचें राहून गेलें.

एवढें असूनहि गडकरी आपल्या सिद्धान्ताहून मोठे ठरतात. सुधाकर पहिला प्याला घेतो तो चवीसाठीं नव्हे. मुनसफाशीं खटका उडून त्याची सनद सहा महिने रद्द झालेली असते, आणि अपमानानें पोळलेल्या त्या मानी माणसासमोर तळीराम प्याला धरतो. पुढें तो दारू सोडतोहि. मग नोकरी मागत हिंडतो, तेव्हां प्रतिष्ठित मंडळी त्याला दारुडा म्हणून झिडकारतात, आणि तो परत बाटलीकडे वळतो. प्याला टाकलेला माणूस येथें प्रत्यक्ष उभा आहे. त्याला परत ढकलतात ते दारू न पिणारे लोक. नांवांतला सिद्धान्त येथें नाटककारानेंच मोडला आहे, त्याच्या ध्यानांत आलें असो वा नसो. सिंधूच्या मरणाच्या प्रवेशाहून आम्हांस हा भाग अधिक भयंकर वाटतो, आणि नव्यानें प्रयोग करणाऱ्यांनीं वेळ वांचविण्याकरितां दुसरें कांहींहि गाळावें, ह्यांतील एक ओळहि गाळूं नये.