विशेषनामाची व्याख्या आणि विशेषनामाचे रूप : मराठी व्याकरणातील एका उपेक्षेची चिकित्सा

शालेय मराठी व्याकरणात नामाचे सामान्यनाम, विशेषनाम व भाववाचक नाम असे तीन प्रकार सांगितले जातात. त्यांपैकी विशेषनामाची व्याख्या सर्वस्वी अर्थावर आधारलेली आहे. एका विशिष्ट व्यक्तीचा, प्राण्याचा वा स्थळाचा बोध करून देणारे ते विशेषनाम. ते एकवचनीच असते, आणि त्याचे अनेकवचन झाले की ते सामान्यनाम ठरते. ही व्याख्या पाठ करून विद्यार्थी परीक्षेत गुण मिळवतो. तथापि विशेषनाम वाक्यात आल्यावर व्याकरणदृष्ट्या वेगळे वागते काय, हा प्रश्न मात्र पाठ्यपुस्तकात उपस्थितच होत नाही. दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत विभक्ती आणि सामान्यरूप यांचा जो सूक्ष्म विचार झाला, त्याचा लाभ विशेषनामाच्या शालेय प्रकरणाला फारसा मिळालेला नाही.

इतर भाषांत या प्रश्नाची मांडणी कशी होते, हे पाहणे उद्बोधक ठरते. डॅनिश भाषेत सामान्यनामाच्या अखेरीस निश्चितता दाखवणारा प्रत्यय लागतो. विशेषनामाला तो सहसा लागत नाही, कारण निश्चितता त्याच्या ठिकाणी मुळातच असते. म्हणजे तेथे विशेषनाम अर्थाने तर ओळखू येतेच, पण रूपानेही ओळखू येते. १९४८ च्या लेखनसुधारणेपर्यंत डॅनिशमध्ये सर्वच नामांचे पहिले अक्षर मोठे लिहीत; त्यानंतर हा मान विशेषनामांपुरता उरला. देवनागरीत मोठी अक्षरे नाहीत. त्यामुळे मराठीतील विशेषनामाची खूण लिपीत शोधून उपयोग नाही. ती रूपातच शोधावी लागते. विशेषनामाला स्वतःचा अर्थ नसतो या मिलच्या मताला १९२४ मध्ये विरोध करणारे ओटो येस्पर्सन हेही डॅनिशच होते. प्रत्यक्ष वापरात विशेषनामाइतके गुण दुसरे कोणतेही नाम सुचवीत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

प्रथम 'एकच व्यक्ती वा स्थळ' ही अट तपासू. कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या पुलालगत शिरोली हे गाव आहे. करवीर तालुक्यातही एक शिरोली असून तिला शिरोली दुमाला म्हणतात. हातकणंगले तालुक्यातील शिरोली ती पुलाची शिरोली. जिल्ह्यात शिरोल्या एकाहून अधिक आहेत, असे कोणी म्हटले म्हणून शिरोली हे सामान्यनाम होत नाही. शिरोली नावाची गावांची जात अस्तित्वात नाही. लोकव्यवहाराने येथे विशेषनामालाच विशेषण जोडून प्रश्न सोडवला. बोलताना 'पुलाच्या शिरोलीत' असे विशेषणासह सामान्यरूप सहज होते. दप्तरी नोंदीतील 'शिरोली पुलाची' हे उलट क्रमाचे नाव मात्र प्रत्यय घेत नाही. 'शिरोली पुलाचीत' असे कोणी म्हणत नाही. तेथे 'येथे' हा शब्दच मदतीला येतो.

विशेषनामाचे खरे वेगळेपण सामान्यरूपात आहे. 'कवितेला चाल लावली' आणि 'कविताला बढती मिळाली' ही वाक्ये शेजारी ठेवावीत. पहिल्यातील कविता हा वाङ्मयप्रकार, दुसऱ्यातील कविता ही व्यक्ती. 'आशेने पाहिले' व 'आशाने पाहिले', 'प्रतिभेने साधले' व 'प्रतिभाने साधले' या जोड्याही तशाच. मूळ शब्द, लिंग व अन्त्य स्वर समान असताना एके ठिकाणी सामान्यरूप होते आणि दुसऱ्या ठिकाणी होत नाही. 'कविताला' हे रूप अशुद्ध ठरवून लाल शाईने 'कवितेला' करणारा शिक्षक एका मुलीचे पद्यात रूपांतर करतो, एवढे तरी मान्य व्हावे. शिरोलीच्या शेजारच्या टोप गावाचे उदाहरण याहून बोलके आहे. 'टोपाला झाकण बसवले' यात भांडे आहे. 'टोपला बस थांबली' यात गाव आहे.

अर्थात विशेषनाम कधीच सामान्यरूप घेत नाही, असा नियम केला तर तो लगेच मोडतो. पंचगंगेला पूर येतो, 'पंचगंगाला' येत नाही. शंकराला बेल वाहतात, पण शंकरला फोन करतात. गीतेत उपदेश आहे. गीताने मात्र रजेचा अर्ज दिला आहे. देव, नद्या, ग्रंथ यांची नावे भाषेत इतकी मुरलेली आहेत की त्यांना सामान्यरूपाने धक्का लागत नाही. हयात, ओळखीच्या माणसाचे नाव मात्र आजचा मराठी भाषक अभंग ठेवतो. जुन्या पिढीच्या तोंडी 'यमुनेला हाक मार' असे सहज येई, हे येथे विसरता कामा नये. म्हणजेच हा बदल अलीकडचा आहे आणि अद्याप पुरा झालेला नाही. जर्मन भाषेच्या अभ्यासकांनीही नावाचा देह जपण्याची अशीच प्रवृत्ती नोंदवली आहे. म्हणून मराठीतील या रूपांना बोलण्यातील निष्काळजीपणा समजणे योग्य नव्हे.

ग्रामनामांची जागा या दोहोंच्या मध्ये आहे. 'कोल्हापुरात' येथे सामान्यरूप होऊन उपान्त्य 'ऊ' ऱ्हस्व झाला. 'कोल्हापूरला' व 'कोल्हापूरचा' यांत सामान्यरूपच नाही, म्हणून तो दीर्घ राहिला. ग्रामनामातील 'पूर' दीर्घ लिहावा, असे मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनविषयक नियम सांगतात. तरी 'कोल्हापुरला' ही चूक विद्यार्थ्यांकडून वारंवार होते, कारण दोन रूपांतील फरकाचे कारण त्यांना कोणी सांगितलेले नसते. हे कारण 'घराचा' आणि 'घरचा' या जोडीत दिसते. 'घराचा दरवाजा' यात घर ही वस्तू आहे. 'घरचा माणूस' यात घर हे ठिकाण आहे. 'गावाचा विकास' आणि 'गावचा पाटील' यांतही तोच भेद. 'कोल्हापूरचा' हे रूप 'घरचा', 'वरचा', 'तिथला' यांच्या पंक्तीत बसते. ग्रामनाम नामांच्या कोष्टकात असले तरी वागणुकीने ते पुष्कळदा स्थलवाचक अव्ययासारखे आहे.

लेखी मराठीने नाव अभंग ठेवण्याचा स्वतःचा मार्ग काढला आहे. 'टोप येथे', 'शिरोली येथील', 'जोशी यांनी' अशा रचनांत प्रत्ययाचा भार सर्वनाम वा स्थलवाचक शब्द उचलतो आणि नाव जसेच्या तसे राहते. वृत्तपत्रे व सरकारी पत्रे यांतील ही शैली रुक्ष म्हणून हिणवली जाते. परंतु व्याकरणदृष्ट्या ती विशेषनामाची स्वतंत्र व्यवस्थाच आहे. 'झाड येथे' किंवा 'टेबल यांना' असे होत नाही. 'जिल्हाधिकारी यांनी' असे होते, कारण तेथे पदनाम नावासारखेच वापरलेले असते.

'एमआयडीसी' या शब्दाचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची. महामंडळ नपुंसकलिंगी, त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द मात्र ईकारान्त असल्याने बोलीत स्त्रीलिंगी झाला. पुढे तो संस्थेचा न राहता जागेचा झाला. 'एमआयडीसीत कामाला आहे' म्हणणारा कामगार ओतकामाच्या कारखान्यात असतो, महामंडळाच्या नोकरीत नसतो. कोल्हापुरात शिरोली आणि गोकुळ शिरगाव या दोन एमआयडीसी म्हटल्या की ते सामान्यनाम, आणि 'शिरोली एमआयडीसी पोलीस ठाणे' म्हटले की पुन्हा विशेषनामाचा भाग. एकाच शब्दाचे हे येणेजाणे तीन कप्प्यांच्या वर्गीकरणात मावत नाही.

या चर्चेचे सामाजिक अंग आडनावांत दिसते. जुन्या गद्यात जोश्यांनी, फडक्यांनी, कुलकर्ण्यांनी अशी रूपे सर्रास येत. आज जोशींनी, फडकेंनी, कुलकर्णींनी ही रूपे वाढत आहेत. खुद्द व्याकरणकारांचा ग्रंथ कोणी 'दामल्यांचे व्याकरण' म्हणतो, तर कोणी 'दामलेंचे'. पहिले रूप परंपरेला धरून आहे यात शंका नाही, आणि या आडनावांपुरता वाद अभिरुचीचा आहे. परंतु माळी, तेली, धोबी हे शब्द व्यवसायाचे व जातीचे नाव असतात, तसेच आडनावही असतात. 'माळ्याला बोलवा' म्हटले की बागेत काम करणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. 'माळींना बोलवा' म्हटले की हजेरीपटावरील एक सहकारी. पूर्ण सामान्यरूपाचा आग्रह धरणारे व्याकरण येथे नकळत माणसाला त्याच्या आडनावातील जातीकडे परत पाठवते, आणि 'माळींना' म्हणणारा पर्यवेक्षक ती वाट अडवतो. हे आदरार्थी अनेकवचन एकाच व्यक्तीचे आहे, आणि विशेषनाम एकवचनीच असते हे सूत्र घोकलेल्या विद्यार्थ्याला त्याची नोंद कोणत्या प्रकरणात करावी, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही.