पापनिवेदनाची गुप्तता आणि साक्ष्य कायदा : एक चिकित्सा

प्रस्तावना :
पापनिवेदनात ऐकलेली गोष्ट धर्मगुरूने कोणत्याही कारणास्तव उघड करू नये, असा कॅथलिक परंपरेचा दंडक आहे. 1983 च्या चर्च कायदासंहितेतील कलम 983 नुसार ही गुप्तता अभंग असून ती थेट मोडणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत ठरतो. भारतीय न्यायालय मात्र त्याच धर्मगुरूस साक्षीसाठी पाचारण करू शकते. हा पेच भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 ने सोडविला काय, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात करण्यात आली आहे.

कायद्यातील विसंगती :
1872 च्या पुरावा कायद्याने पती-पत्नींमधील संवादास (कलम 122) आणि वकील-अशील संवादास (कलम 126) संरक्षण दिले. धर्मगुरूजवळ केलेल्या निवेदनास दिले नाही. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या नव्या अधिनियमात ही संरक्षणे अनुक्रमे कलम 128 व 132 मध्ये आली. धर्मगुरूविषयीचे मौन तसेच राहिले. परिणामी पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही (कलम 23), परंतु धर्मगुरूपुढील कबुली न्यायालयाबाहेरील कबुली म्हणून ग्राह्य ठरू शकते. इतकेच नव्हे, तर गुप्ततेचे वचन देऊन मिळविलेली कबुली केवळ त्या कारणाने बाद होत नाही, हे जुन्या कलम 29 चे तत्त्वही नव्या कलम 22 मध्ये कायम आहे. वकिली विशेषाधिकाराचा कडवा टीकाकार असलेल्या जेरेमी बेंथमनेही पापनिवेदनाच्या संरक्षणाचा पुरस्कार केला होता आणि न्यूयॉर्क राज्याने 1828 मध्येच त्यास कायद्यात स्थान दिले होते. हे लक्षात घेता नव्या संहितेचे मौन अधिकच खटकते.

संरक्षण कोणाचे ?
तथापि धर्मगुरूंना सरसकट विशेषाधिकार देणे हा यावरील उपाय नव्हे. पोक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 नुसार बालकावरील लैंगिक अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीवर ती कळविण्याचे बंधन आहे. त्यात धर्मगुरूंना सूट नाही. मुंबईच्या विशेष न्यायालयाने 2015 मधील अशा अपराधाबद्दल एका धर्मगुरूस डिसेंबर 2021 मध्ये जन्मठेप सुनावली. चर्चच्या कार्यालयात येणारी तक्रार म्हणजे पापनिवेदन नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर 2019 मध्ये अशा प्रकरणांवरील 'पोपीय गुप्तता' रद्द केली, परंतु पापनिवेदनाची गुप्तता अबाधित ठेवली. संस्थेचे गुपित आणि व्यक्तीचे निवेदन यांतील हा भेद भारतीय कायद्यानेही करावयास हवा.

2018 मध्ये केरळमधील एका प्रकरणात पापनिवेदनाचा उपयोग स्त्रीच्या शोषणासाठी केल्याचा आरोप झाला, तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करण्याची शिफारस केली. वस्तुतः त्या आरोपाचे मर्म प्रथेपेक्षा विश्वासघातात होते. धर्मगुरूस बांधणारा दंडक केवळ चर्चच्या कायद्यात आहे; साक्ष्य अधिनियमात निवेदन करणाऱ्याच्या हाती काहीही नाही.

ग्रामीण संदर्भ :
समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी हा प्रश्न अधिक बिकट होतो. लहान मंडळीत सर्वजण परस्परांना ओळखतात. फुटलेला शब्द माघारी घेता येत नाही. शिवाय विदर्भात केवळ कॅथलिक समाज नाही. 1970 मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांत सदस्य आपली व्यथा बहुधा पाळकाजवळ समुपदेशनाच्या निमित्ताने बोलतो. केवळ संस्कारात्मक पापनिवेदनास संरक्षण दिल्यास असा सदस्य वंचित राहील.

निष्कर्ष :
कलम 132 मध्ये अशिलाच्या स्पष्ट संमतीविना वकिलास बोलता येत नाही, मात्र बेकायदेशीर हेतूने केलेल्या संवादास संरक्षण नाही. हाच साचा धर्मगुरू, पाळक व अन्य धर्मांतील समकक्ष व्यक्तींना लावता येईल. विशेषाधिकार निवेदन करणाऱ्याचा असावा, धर्मगुरूचा किंवा संस्थेचा नसावा. आणि पोक्सोखालील कर्तव्य त्याबाहेर ठेवावे. शेवटच्या अटीमुळे चर्चच्या दंडकाशी असलेला संघर्ष पूर्णतः मिटणार नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु बालकाची सुरक्षितता आणि धर्मगुरूचे मौन यांत निवड करण्याचा प्रसंग आल्यास कायद्याने बालकाच्या बाजूने उभे राहणे क्रमप्राप्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2017 च्या पुट्टास्वामी निकालात खासगीपणाचा हक्क मान्य केला तो व्यक्तीच्या प्रतिष्ठेसाठी. त्या हक्काची संस्थांनी ढाल करणे त्या निकालाच्या आशयाशी विसंगत ठरेल.