'बेगुनाह कैदी' आणि निकालाची घाई

मराठीत निकाल हा शब्द शाळेतही चालतो आणि कोर्टातही. दहावीचा निकाल शंभर टक्के लागला की पालक खूश, संस्थाचालक खूश. परीक्षेत कॉप्या चालल्या होत्या का, हे मग कोणी विचारत नाही. 'गरिबाची मुले आहेत, पास झाली तर कुठेतरी लागतील,' असे समर्थन शिक्षकांच्या खोलीत ऐकू येते. हेतू वाईट नसतो. पण अकरावीत तीच मुले गळतात.

अब्दुल वाहिद शेख यांचे 'बेगुनाह कैदी' वाचताना हीच गोष्ट आठवते. शेख हे मुंबईतील शिक्षक. 11 जुलै 2006 रोजी पश्चिम रेल्वेच्या सात लोकल गाड्यांत स्फोट झाले. त्यांतला एक आमच्या जोगेश्वरीत. 180 हून अधिक माणसे गेली. तेरा जणांवर मोक्काखाली खटला चालला. सप्टेंबर 2015 मध्ये शेख एकटे निर्दोष सुटले. उरलेल्यांपैकी पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली.

पुस्तकाची भाषा सरळ आहे. कोठडीतली मारहाण, सही करण्यासाठी दबाव, तुरुंगातली वर्षे हे सारे शेख सांगतात. माझ्या मते पुस्तकाची ताकद त्याच्या नावात नाही. 'मी बेगुनाह आहे' असे प्रत्येक आरोपी म्हणतो, आणि वाचकाने केवळ जिव्हाळ्यापोटी ते मान्य करू नये. पण खटला कसा उभा केला गेला हे शेख सांगू लागतात, तेव्हा त्यांच्याशी ज्याचे काहीच नाते नाही अशा वाचकालाही थांबून विचार करावा लागतो.

साध्या कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. 1999 च्या मोक्का कायद्याने ही अट सैल केली आणि वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा जबाब ग्राह्य ठरवला. टोळ्यांविरुद्ध साक्षीदार उभे राहत नव्हते, म्हणून चांगल्या परिणामासाठी केलेली ही सवलत होती. पण जबाबावर सही मिळाली की तपास झाला, असे वाटू लागते. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे कबुलीजबाब नाकारले आणि बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतले कमाल अन्सारी 2021 मध्येच तुरुंगात वारले होते.

मग हाती काय आले? आरोपींची एकोणीस वर्षे गेली. आणि जोगेश्वरीत ज्यांची माणसे गेली त्यांना गुन्हेगार कोण हे आजही कळलेले नाही. नियम मोडून मिळवलेला निकाल त्यांच्याही उपयोगी पडला नाही. हे पुस्तक फक्त 'आपल्या' माणसांचे म्हणून वाचले, तर ही दुसरी बाजू आपल्याला दिसणार नाही.

आपली खरी कसोटी दहा दिवसांनी लागली. 31 जुलै 2025 रोजी मालेगावच्या 2008 च्या स्फोट खटल्यातील सातही आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या स्फोटात सहा जण मेले होते. पहिल्या निकालावर मिठाई वाटणारे आपल्यातले काही जण या वेळी 'इन्साफ मेला' म्हणाले. दुसरीकडे याच्या नेमके उलट घडले. पुराव्याचा नियम आपल्या माणसाला सोडवतो तेव्हा चांगला आणि दुसऱ्याला सोडवतो तेव्हा वाईट, असे म्हणता येईल काय?

म्हणून गप्प बसावे, असे नाही. रेल्वे स्फोटांच्या निकालाविरुद्ध राज्य सरकार लगोलग सुप्रीम कोर्टात गेले. मालेगावच्या निकालाविरुद्ध मृतांच्या नातेवाइकांना स्वतः उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. नियम एक असेल तर तो चालवणाऱ्यांची तत्परताही एक हवी, ही तक्रार रास्त आहे आणि ती मांडलीच पाहिजे. मात्र ज्याने दोन्ही खटल्यांना एकच माप लावले, त्याच्याच तोंडी ती शोभते.

शेख यांचे पुस्तक वकिलांनी वाचावेच. आम्हा शिक्षकांनी तर निकालाचा फलक रंगवण्याआधी वाचावे.