शिक्षा मिटवता येते, सत्य नाही : ‘जॉली एलएलबी’तला बचावाचा वकील

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं आम्हाला विचारलं होतं, “दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याचा बचाव करणाऱ्या वकिलाला रात्री झोप कशी लागते?” प्रश्न रागातून आला होता आणि तो राग आम्हाला कळतो. आज एका चित्रपटाच्या आधारानं त्याचं उत्तर शोधू या. चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल : सुभाष कपूर यांचा २०१३ चा ‘जॉली एलएलबी’.

कथा थोडक्यात अशी. दिल्लीत एका श्रीमंताचा मुलगा नशेत गाडी फूटपाथवर घालतो, तिथे झोपलेले मजूर चिरडले जातात. नामांकित वकील राजपाल त्याला सोडवतो. मेरठहून आलेला, फारसं काम नसलेला जॉली जनहित याचिका करून ते प्रकरण पुन्हा उघडतो. बोमन इराणींचा राजपाल, अर्शद वारसीचा जॉली आणि सौरभ शुक्लांचे न्यायमूर्ती त्रिपाठी. शुक्लांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. कॅन्टीनवाल्या कौलसाहेबांच्या छोट्या भूमिकेत आपले रमेश देव आहेत. जॉली मोहात पडतो तेव्हा त्याला शरम वाटायला लावणारा माणूस तोच.

चित्रपट चांगला आहे, यात वाद नाही. कनिष्ठ न्यायालयाची कळा, पंख्याचा आवाज, तारखांचा कंटाळा हे आपल्या पडद्यावर इतकं खरं क्वचितच दिसतं. पण आमची एक तक्रार आहे. राजपाल जिंकतो तो पैसे चारून, साक्षी फिरवून. मग त्याला वाईट म्हणायला प्रेक्षकाला काहीच कष्ट पडत नाहीत. अवघड प्रश्न वेगळाच आहे : वकील प्रामाणिक असेल, अशील दोषी असेल, आणि तरीही वकील शिक्षा कमी करून मागत असेल, तर? हा प्रश्न चित्रपट विचारतच नाही.

आमच्या घरातलीच एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमचा भाचा एका लग्नाहून परतताना नाकाबंदीत सापडला. मशीनमध्ये फुंकर मारली, आकडा मर्यादेच्या वर. बहिणीचा फोन आला, “दादा, तुझे इतके विद्यार्थी वकील आहेत, कुणीतरी मिटवून देईल ना?”

‘मिटवणं’ हा आपल्याकडचा मोठा गमतीचा शब्द आहे. भांडण मिटवतात, तशी खूणही मिटवतात. पहिल्यात समेट आहे, दुसऱ्यात पुसून टाकणं. आजचं सगळं व्याख्यान या दोन अर्थांमधल्या फटीवर उभं आहे, असं म्हणा ना.

आमचा एक जुना विद्यार्थी आला. त्यानं आधी कागद पाहिले. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ सांगतं की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य असेल तर गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. अटक केली तर दोन तासांत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर माणसाला सोडावं लागतं. मशीनची पावती जोडली आहे का, वेळा जुळतात का, हे त्यानं एकेक करून तपासलं. ही पळवाट नव्हे बरं का. पोलिसांनी नियम पाळले की नाही हे कुणीतरी पाहायलाच हवं. आज दोषी माणसासाठी पाहिलं नाही, तर उद्या निर्दोष माणसासाठीही कुणी पाहणार नाही.

मग तो म्हणाला, “सर, कागद चोख आहेत. गुन्हा कबूल करू या. मी शिक्षेपुरतं बोलतो.” कोर्टात तो एवढंच बोलला : पहिलाच गुन्हा, कुणाला इजा नाही, कबुली दिली आहे, घर याच्यावर चालतं. दंड झाला, लायसन्स काही महिने निलंबित झालं, कैद टळली. बहीण नाराज. “मग वकील केला कशाला?” म्हणाली.

तिचा प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी ॲरिस्टॉटलकडे जाऊ. तो सांगतो की नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा ठेवणारे कायदे होते, आणि त्यामागचं कारणही देतो : न पिणं त्या माणसाच्या हातात होतं. आपल्या दंडसंहितेनंही हेच मानलं. स्वतःहून प्यायलेल्याला ‘मला कळत नव्हतं’ असं म्हणून सुटता येत नाही. म्हणजे नशा हे दोष कमी करण्याचं कारण नाही. मग कमी काय करता येतं? शिक्षा. पश्चात्ताप, कबुली, भरपाई, परिस्थिती पाहून. दोष ठरवणं आणि शिक्षा मोजणं ही दोन कामं आहेत, आणि ती एकमेकांत मिसळली की गोंधळ होतो.

हा गोंधळ कुठे होतो? कलमाच्या निवडीत. जुन्या दंडसंहितेत निष्काळजीपणानं मृत्यूला कलम ३०४ अ, शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. मृत्यू ओढवू शकतो हे माहीत असूनही कृत्य केलं, तर ३०४ चा दुसरा भाग, दहा वर्षांपर्यंत. म्हणून सगळी ओढाताण कलमावर. २००६ मध्ये आपल्याकडे कबुलीच्या बदल्यात शिक्षेची तडजोड करायची सोय कायद्यात आली, तीही सात वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना लागू नाही. तिथेही कलम कोणतं, यावरच सगळं ठरतं.

चित्रपट पाहताना ज्या खटल्याची आठवण येते तो १९९९ चा, दिल्लीतला. जानेवारीतल्या पहाटे एका बीएमडब्ल्यूनं सहा माणसं मारली, त्यांतले तीन पोलीस. कनिष्ठ न्यायालयानं २००८ मध्ये ३०४ चा दुसरा भाग लावून पाच वर्षं दिली. उच्च न्यायालयानं २००९ मध्ये ते ३०४ अ वर आणलं, दोन वर्षं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काय केलं ते नीट बघा. गुन्ह्याचं नाव पुन्हा जड केलं; शिक्षा मात्र भोगलेल्या कैदेइतकीच ठेवली, वर ५० लाख रुपये आणि दोन वर्षं समाजसेवा. पैसेवाला सुटला, असं अनेकांना वाटलं. आम्हालाही शिक्षा हलकी वाटते. पण जे घडलं त्याला न्यायालयानं खरं नाव दिलं, हे विसरू नये.

याच खटल्यात बचावाचे एक ज्येष्ठ वकील महत्त्वाच्या साक्षीदाराशी संधान बांधताना छुप्या कॅमेऱ्यात दिसले, आणि त्यांच्यावरचा न्यायालयाच्या अवमानाचा ठपका सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये कायम ठेवला. म्हणजे राजपाल हा निव्वळ कल्पनेतला प्राणी नाही. दुसऱ्या अर्थानं ‘मिटवणारा’ तो हाच.

अमेरिकेत तर अशी तडजोड रोजचीच. कॅलिफोर्नियात नशेचा आरोप कधी कधी ‘बेदरकार चालवण्या’वर उतरवतात. पण तिथला कायदा सरकारी वकिलाला बजावतो की मद्य घेतलं होतं की नाही, हे नोंदीवर सांगा. आणि तो माणूस पुन्हा सापडला तर ती जुनी नोंद पहिला गुन्हा म्हणून धरली जाते. आरोप हलका होतो, घटना पुसली जात नाही. ही अट आम्हाला फार शहाणपणाची वाटते.

आता पुन्हा त्रिपाठींकडे. शेवटी ते सांगतात की न्यायाधीशाला सत्य आधीच दिसत असतं, तो पुराव्याची वाट पाहत बसतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. आम्हालाही ते दृश्य आवडतं, पण त्यातला धोका सांगायला हवा. आधीच सगळं कळलेला न्यायाधीश मनात शिक्षाही ठरवून मोकळा होतो. त्याला थांबवायला समोर एक प्रामाणिक बचावाचा वकील लागतो. चित्रपटात नेमका तोच नाही.

म्हणून त्या श्रोत्याला आमचं उत्तर असं : जो वकील गुन्हा कबूल करायला लावून शिक्षेवर बोलतो, त्यानं खुशाल झोपावं. आणि बहिणीला दिलेलं उत्तर : वकील केला तो भाच्याला कोर्टासमोर खरं बोलता यावं म्हणून. ती अजून पूर्ण पटलेली नाही. भाचा मात्र लग्नाला आता रिक्षानं जातो.